दुखणं, दोस्ती आणि दांडी: जुनाट दुखण्यासोबत जगणाऱ्या किशोरवयीनांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोकं, पोट, पाठ, सांधे किंवा आणखी काही महिनोन् महिने दुखत असलेल्या, बारा ते एकोणीस वर्षांच्या मुंबईतल्या मुलामुलींसाठी हे पान आहे. आधी त्यांचे प्रश्न आहेत, मग मित्रमैत्रिणींचे, पालकांचे आणि शिक्षकांचे. औषधं, व्यायाम, झोप, अभ्यास असं सगळं ठरवून झालं की मैत्रीचा विषय ‘बरं वाटल्यावर बघू’ म्हणून मागे ठेवला जातो. आमच्या मते हा क्रमच उलटा आहे. माणसांत मिसळणं थांबलं की हालचाल कमी होते, झोप बिघडते, सगळं लक्ष दुखण्यावरच राहतं आणि दुखणं आणखी वाढतं. म्हणून भेटीगाठी उपचारांसोबतच सुरू ठेवायच्या, फक्त त्या लहान आणि नेमक्या असाव्यात.

जुनाट दुखणं नेमकं कशाला म्हणतात?

तीन महिन्यांहून जास्त काळ राहिलेलं किंवा पुन्हा पुन्हा येणारं दुखणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात (आयसीडी-११, १ जानेवारी २०२२ पासून लागू) त्याची स्वतंत्र नोंद आहे. एखाद्या दुसऱ्या आजाराचं लक्षण म्हणून नव्हे, तर दुखणं हाच आजार मानावा असा गटही त्यात आहे. या वयात मायग्रेन, पोटदुखी, पाठदुखी, सोळाच्या आत सुरू होणारा संधिवात, सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार), हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) आणि गरजेपेक्षा जास्त लवचिक सांधे ही त्याची काही कारणं असतात.

माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग दुखतंय हे मित्रांना पटवायचं कसं?

रिपोर्टवरून वाद घालत बसू नकोस. एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्यांत हाड, सूज, जंतुसंसर्ग दिसतो. मज्जासंस्था किती संवेदनशील झाली आहे हे त्यात दिसत नाही. दुखणं फार दिवस राहिलं की मेंदू आणि मज्जारज्जू साध्या संदेशांनाही धोक्याचा संदेश समजायला लागतात. मुंबईच्या मित्रांना हे एका वाक्यात सांगता येतं: ‘रूळ मोकळा आहे, पण सिग्नल लालवर अडकलाय, म्हणून गाडी उभी आहे.’ गाडी खरोखरच उभी असते, त्यात बसलेल्यांना खरोखरच उशीर होतो आणि रूळ तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही. एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं. ज्याचं होत नाही त्याला आणखी पुरावे देण्यात शक्ती घालवू नकोस.

किती सांगायचं आणि कुणाला?

तीन पातळ्या ठरवून ठेव. वर्गातल्या कुणालाही सांगायचं एक वाक्य: ‘मला पाठीचा जुना त्रास आहे, त्यामुळे मी मधेमधे उभी राहते.’ नेहमीच्या ग्रुपला तीन वाक्यं, म्हणजे काय होतं, त्या वेळी मी कशी दिसते आणि तुम्ही काय करायचं. आणि एकदोन जवळच्यांना हवं तेवढं. सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. पण कुणालाच काही न सांगणं महागात पडतं, कारण रिकामी जागा लोक अंदाजाने भरतात आणि ‘भाव खातेय’ हा त्यांचा पहिला अंदाज असतो.

तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच बहुतेक जण विसरतात. ‘मला मायग्रेन आहे’ हे ऐकून समोरच्याला काय करावं कळत नाही. ‘मी गप्प झाले तर रागावलेली नसते. लाइट बंद करा, वीस मिनिटं एकटं सोडा आणि मग मला नेहमीसारखं बोलवा’ हे कळतं. हे तोंडावर सांगायला अवघड वाटत असेल तर एक व्हॉइस नोट पाठव. मात्र लांबलचक मेसेज नको, तो गंभीर वाटतो आणि ग्रुप घाबरून जपून वागायला लागतो.

दुखण्याचे आकडेही टाळ. ‘आज दहापैकी सात आहे’ म्हटलं तर मित्राला काहीच बोध होत नाही. त्यापेक्षा तीन इमोजी ठरवा: हिरवा म्हणजे कुठेही चला, पिवळा म्हणजे येईन पण बसायला जागा हवी, लाल म्हणजे आज घरूनच.

मैत्रिणी म्हणतात, ‘नाटक करतेस. काल हसत होतीस, आज कसं दुखायला लागलं?’

दुखणं रोज सारखं नसतं, दिवसभरातही सारखं नसतं आणि हसल्याने ते खोटं ठरत नाही. उलट, मन रमलं की काही वेळ ते मागे पडतं. याला उत्तर एकदाच द्यायचं, शांतपणे आणि छोटं: ‘हो, काल कमी होतं. रोज वेगळं असतं.’ मग विषय बदलायचा. काही मुलं विश्वास बसावा म्हणून मुद्दाम जास्त लंगडतात किंवा चेहरा पाडून बसतात. ते करू नकोस. शरीर त्या सवयी उचलतं, आणि एकदा कुणी ते पकडलं की खऱ्या दुखण्यावरचाही विश्वास जातो.

मुलग्यांना याची वेगळी झळ बसते. टर्फवर खेळायला नाही म्हटलं की ‘नाजूक’, जिममध्ये वजन नाही उचललं की आणखी काहीतरी. मग ते एक दिवस जिद्दीने दोन तास खेळतात आणि चार दिवस अंथरुणात काढतात. त्याऐवजी खेळण्याआधीच अट सांगून उतरायचं: ‘मी पहिल्या तीन ओव्हर आहे, मग अंपायरिंग करेन.’ कायमचा स्कोअरर होऊ नकोस. स्कोअरर सामन्यात असतो, संघात नसतो.

मी दर वेळी आयत्या वेळी टांग देतो. आता कुणी विचारतच नाही.

मैत्री सुटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं, म्हणून जरा सविस्तर.

ग्रुपला दुखण्याचा राग येत नाही, भरवसा नसण्याचा येतो. तिकीट काढलेलं असतं, चौघांचा टर्फचा हिशोब ठरलेला असतो आणि मेसेज येतो ‘नाही जमत’. तीनदा असं झालं की चौथ्यांदा ते तुला विचारतच नाहीत. बऱ्याचदा ‘उगाच त्याला वाईट वाटायला नको’ म्हणून. तुला वाटतं, टाकलं. त्यांना वाटतं, आपण समजूतदारपणे वागलो.

पहिला उपाय म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधली उत्तरं वापरणं. ‘पिक्चरला नाही, पण नंतर वडापाव खायला येतो.’ ‘पाच ते सहा आहे, मग निघेन.’ निघायची वेळ आधीच सांगितलेली असली की निघताना कुणी गळ घालत नाही आणि तुलाही कारण शोधावं लागत नाही. रद्द करायचंच असेल तर निर्णयाची एक वेळ ठरव, समजा भेटीच्या तीन तास आधी. रद्द करणाऱ्या त्याच मेसेजमध्ये पुढची भेट सुचव: ‘आज नाही जमणार. गुरुवारी क्लासनंतर कट्ट्यावर?’ पैसे निघाले असतील तर तुझा वाटा दे. ही गोष्ट छोटी वाटते, पण ग्रुपमधली नाराजी बऱ्याचदा इथूनच सुरू होते.

दुसरा उपाय म्हणजे आपली मर्यादा मोजून घेणं. समजा, बसून राहणं हा प्रश्न आहे. सात दिवस स्टॉपवॉच लाव आणि टेकायला काही नसताना किती वेळ बसता येतं ते लिही, चांगल्या दिवशीही आणि वाईट दिवशीही. आकडे ३०, २०, ४५, २५, ४०, २०, ३० मिनिटं आले, तर सरासरी ३० येते. सुरुवात त्याच्या साधारण ८० टक्क्यांवर, म्हणजे २४ मिनिटांवर करायची. दुखत असो वा नसो, २४ मिनिटांनी उठून दोन मिनिटं फिरायचं. आठवडाभर हे जमलं की दोनतीन मिनिटं वाढवायची. बहुतेक जण उलटं करतात: बरं वाटतंय म्हणून रविवारी चार तास मरीन ड्राइव्हला आणि सोमवार-मंगळवार शाळेला दांडी. मग आई म्हणते, ‘मित्रांबरोबर हिंडलास म्हणून झालं.’ दोष मित्रांचा नसतो, चार तासांचा असतो.

ग्रुपबरोबर लोकलने जायचं म्हटलं की धडकी भरते.

भेटीपेक्षा प्रवासच जास्त दुखवतो, हे मुंबईत अगदी खरं आहे. गर्दीच्या वेळी गर्दीच्या दिशेने जाणारी भेट शक्यतो ठरवूच नका. सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे लोंढा असतो, उलट दिशेची गाडी त्या मानाने रिकामी असते. ग्रुप दादरला भेटणार की बोरिवलीला, हे या एका गोष्टीवर ठरवलं तरी अर्धा त्रास वाचतो. जिथून गाडी सुटते त्या स्टेशनवरून चढा आणि स्लो पकडा. वेळ जास्त लागेल, पण बसायला मिळेल. पाठ किंवा कंबर दुखणाऱ्याने चौथ्या सीटवर, म्हणजे तिघांच्या बाकावर कडेला दाटीवाटीने, बसू नये. एका बाजूवर तोल सांभाळत बसण्यापेक्षा दाराजवळच्या आडोशाला टेकून उभं राहणं बरं.

लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो, पण त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि अख्ख्या ग्रुपला त्यात चढता येत नाही. लेडीज आणि जनरल डबा असाही ग्रुप विभागला जातोच. म्हणून ‘सगळे एकत्रच जाऊ’ हा हट्ट सोडून भेटण्याची नेमकी जागा ठरवा: कुठला पूल, कुठली बाजू, तिकीटखिडकीजवळ की स्टेशनबाहेर. पुलाचे जिने टाळायचे असतील तर लिफ्ट किंवा सरकता जिना कुठल्या टोकाला आहे ते आधी विचारून घ्या. मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट असते, त्यामुळे घाटकोपर, अंधेरी किंवा पश्चिम उपनगरातल्या भेटींसाठी ती सोयीची पडते.

गणपती, गरबा, कॉलेजचे फेस्ट. हे सगळं सोडून द्यायचं का?

नाही. पण काय करायचं ते निवडावं लागेल. ढोलपथकात कमरेला ढोल बांधून तीन तास वाजवणं पाठदुखीत जमणार नाही. झांज जमू शकते, सरावाच्या वेळेचं नियोजन जमू शकतं, चित्रीकरणही जमू शकतं. लालबागला ग्रुप जाणार असेल तर नवसाच्या रांगेऐवजी मुखदर्शनाची रांग धरा, तीही पहाटेसारख्या कमी गर्दीच्या वेळी. सुट्टीच्या संध्याकाळी दोन्ही रांगा टाळलेल्याच बऱ्या. गरब्यात दोन फेऱ्या, मग बसणं, मग एक फेरी, असं आधीच ठरवून जा. नाचाच्या भरात दुखणं कळत नाही, ते दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणून मोबाईलवर गजर लाव.

मल्हार किंवा मूड इंडिगोसारख्या फेस्टला दिवसभर उभं राहावं लागतं. आयोजनात जायचं असेल तर बसून करायचं काम पहिल्याच बैठकीत मागून घे: नोंदणी, डिझाइन, प्रायोजकांना फोन. शेवटच्या दिवसांत ही कामं उरत नाहीत. आणि फेस्टच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा किंवा प्रवास ठेवू नकोस.

मेसेज पाहिला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मला टाळतायत का?

कदाचित. पण बहुधा नाही. कॅनडातल्या पॉला फोर्जेरॉन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘पेन’ या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. त्यांनी जुनाट दुखणं असलेल्या आणि नसलेल्या किशोरवयीनांना मैत्रीतले तेच प्रसंग दाखवले. मित्राने साथ न देण्याचे प्रसंग दुखणं असलेल्या मुलांना जास्त लागले. त्याचबरोबर, आपण निरोगी मित्राच्या जागी असतो तर जास्त आधार दिला असता, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे त्यांची अपेक्षा खोटी नव्हती, ती स्वतःच्या अनुभवातून आलेली होती. पण ज्याला कधी असं दुखलेलं नाही, त्याला ती आपसूक कळत नाही.

उत्तर आलं नाही तर तीन शक्यता लिहून काढ, त्यातली एक तरी तुझ्याशी संबंध नसलेली हवी: क्लासमध्ये असेल, फोन आईकडे असेल, काय लिहावं सुचत नसेल. दुसऱ्या दिवशी दुसराच साधा विषय काढ, एखादा मीम किंवा गृहपाठाचा प्रश्न. त्यालाही उत्तर नसेल तर प्रत्यक्ष विचार. ‘तू मला टाळतेस का?’ असं न विचारता ‘काही बिनसलंय का आपल्यात?’ असं विचार.

काही मैत्र्या मात्र खरंच संपतात. त्या वयात सगळ्यांच्याच संपतात, दहावीनंतर तर हमखास. सगळ्याचं खापर दुखण्यावर फोडू नकोस.

माझी एकच मैत्रीण आहे जिला सगळं कळतं. चालेल ना?

चालेल, पण तिचीही काळजी घे. ती रोज दप्तर उचलते, नोट्स देते, रात्री दोनला फोन घेते आणि एक दिवस अचानक दूर होते. असं होण्याआधी खुणा दिसतात: ती स्वतःबद्दल काही सांगत नाही, तुला विचारल्याशिवाय कुठे जात नाही, तुमचं सगळं बोलणं दुखण्यावरच असतं. कामं वाटून टाक: नोट्स एकाकडून, दप्तर ज्याचं घर वाटेत आहे त्याच्याकडे, रडायला तिच्याकडे. तिच्याशी बोलताना पहिली दहा मिनिटं तिची ठेव. आणि तूही तिच्यासाठी काहीतरी कर. तिच्या भांडणात तिची बाजू ऐकून घ्यायला पाठ सरळ असावी लागत नाही.

पाळीत मी दोन दिवस उठू शकत नाही. मैत्रिणी म्हणतात, सगळ्यांनाच होतं.

सगळ्यांना थोडं दुखतं. दर महिन्याला शाळा बुडणं, उलट्या होणं, साध्या गोळीने काहीच न होणं, पाळी नसतानाही ओटीपोट दुखणं हे ‘सगळ्यांना’ होत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखव, एंडोमेट्रिओसिस या वयातही असतो. मैत्रिणींना सांगताना तुलना टाळ. ‘तुझ्यापेक्षा जास्त दुखतं’ म्हटलं की चढाओढ सुरू होते. ‘मला यासाठी डॉक्टरांकडे जावं लागतंय’ एवढं पुरतं.

दुखलं की मैत्रीण तिच्या पर्समधली गोळी देते. घेऊ का?

नको. मैत्रीण चांगलीच आहे, पण तिला तुझी बाकीची औषधं माहीत नसतात. आयबुप्रोफेन असलेल्या गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर पोटाला त्रास होतो. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शक्यता असेल तर आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही टाळायची असतात, रक्तस्रावाचा धोका वाढतो. डोकेदुखीत आणखी एक फास आहे: पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. ट्रिप्टान (मायग्रेनची औषधं) आणि मिश्र वेदनाशामकांसाठी ही मर्यादा १० दिवसांची आहे. इकडून तिकडून घेतलेल्या गोळ्यांचा हिशोब कुणीच ठेवत नाही, म्हणून ही मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही. स्वतःच्या गोळ्या छोट्या डबीत, नाव आणि तारीख लिहून ठेव, आणि त्याही कुणाला देऊ नकोस.

ऑनलाइन माझ्यासारखेच मित्र भेटलेत. घरचे म्हणतात, बंद कर.

सरसकट बंद करायची गरज नाही. ‘तुलाही होतं?’ हे विचारता येणं फार मोलाचं असतं आणि वर्गात असा दुसरा कुणी नसतो. मात्र तीन गोष्टी पाहा. त्या ग्रुपमधून बाहेर पडताना हलकं वाटतं की जड? तिथे औषधांचे डोस सुचवले जातात का? आणि कुणाचं दुखणं मोठं अशी स्पर्धा चालते का? शेवटच्या दोनपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर बाहेर पड. शाळेचं नाव, पत्ता, रिपोर्टचे फोटो देऊ नकोस. रात्री अकरानंतर फोन दुसऱ्या खोलीत, किंवा खोली एकच असेल तर आईच्या उशाशी. झोप गेली की दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतंच. आणि आठवड्यात घराबाहेरच्या, आपल्या वयाच्या माणसाला निदान दोनदा तरी प्रत्यक्ष भेट, मग ते बिल्डिंगखाली वीस मिनिटं का असेना.

मला कुणीतरी आवडतं. सांगायचं कधी?

पहिल्या दिवशी नाही, सहा महिन्यांनीही नाही. दुखण्यामुळे पहिल्यांदा बेत बदलावा लागेल तेव्हा, सरळ आणि थोडक्यात. ऐकून जो लगेच तुझा डॉक्टर व्हायला बघतो किंवा प्रत्येक ‘नाही’ला दुखण्याचा बहाणा म्हणतो, त्याच्यापासून जपून.

मी मित्र आहे. काय बोलू आणि काय करू?

बोलावत राहा. तो दहापैकी आठदा नाही म्हणाला तरी अकराव्यांदा विचारा, कारण न विचारणं हे त्याच्यासाठी उत्तर असतं. विचारताना पर्याय द्या: ‘टर्फवर बघायला येतोस की नंतर घरी येऊ?’ ‘कसं वाटतंय?’ हे दिवसातून एकदा पुरे. उरलेला वेळ नेहमीच्या टवाळक्या करा, त्याला त्याच हव्या असतात. ‘माझ्या आजीलाही गुडघेदुखी आहे, ती तर चालते’, ‘योगा कर’, ‘मनावर घेऊ नकोस’ ही तीन वाक्यं त्याने शंभरदा ऐकलेली आहेत. तो गैरहजर असेल तर दुपारी दोनपर्यंत नोट्सचे फोटो आणि वर्गातली एक गंमत पाठवा. गंमत जास्त महत्त्वाची. परत येईल तेव्हा सगळ्यांना कळलेला विनोद त्यालाही कळायला हवा.

मरणाबद्दल बोलला तर ते गुपित ठेवू नका. त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगा, तो रागावला तरी.

पालक म्हणून मी तिच्या मैत्रिणींशी बोलू का?

तिला न विचारता बोलू नका. आईने मैत्रिणीला केलेला ‘जरा तिला सांभाळून घ्या गं’ हा फोन ग्रुपमध्ये अर्ध्या तासात पोहोचतो आणि मग मैत्रिणी सांभाळूनच घेतात, म्हणजे जपून, अंतर ठेवून. काय सांगायचं, कुणी सांगायचं हे तिला ठरवू द्या. लहान मुलांच्या बाबतीत पालकांनी बोलणं ठीक असतं, नववीनंतर क्वचितच.

मित्र समोर असताना ‘दुखतंय का? गोळी घेतलीस का?’ विचारू नका. लाडाने जास्त जपणं आणि सतत विचारपूस यांनी मुलांची हालचाल घटते, हे दुखण्याच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. ‘आज किती दुखलं?’ ऐवजी ‘आज कोण भेटलं?’ हा प्रश्न विचारा.

घर लहान असेल तर मित्र घरी येणं अवघड वाटतं. एकच मित्र, पाऊण तास, आणि तेवढा वेळ आपण बाजारात किंवा शेजारी जायचं. गच्ची, जिन्याचा कट्टा, सोसायटीचं गार्डन, सगळं चालतं. खायला करत बसू नका, बिस्किटं पुरतात. सोय मोठी केली की मुलांना अवघडल्यासारखं होतं. आणि शिक्षा म्हणून भेटी बंद करू नका. अभ्यास राहिला म्हणून फिजिओथेरपी बंद केली असती का?

दीड महिना शाळा बुडाली. परत कशी सुरू करायची?

साधारणपणे पहिल्या तासापासून सुरुवात करतात, मूल दोन तासांत थकतं आणि मधल्या सुट्टीआधी घरी येतं. म्हणजे मित्र भेटतच नाहीत, दुखणं तेवढं मिळतं. त्यामुळे मधली सुट्टी आणि तिच्या आधीचा एक तास इथून सुरुवात करा. पहिला आठवडा एवढंच. दुसऱ्या आठवड्यात सुट्टीनंतरचा एक तास जोडा, पुढे दर आठवड्याला एकेक. दुखलं तरी ठरलेल्या वेळेआधी घरी आणायचं नाही, आणि बरं वाटलं तरी ठरल्यापेक्षा जास्त थांबवायचं नाही. दुसरी अट पाळणं पहिलीपेक्षा कठीण जातं. जायच्या आदल्या संध्याकाळी एका मित्राला गेटवर थांबायला सांगा. वर्गात एकटं शिरणं हा सगळ्यात अवघड क्षण असतो. ‘कुठे होतास इतके दिवस?’ याचं एक वाक्याचं उत्तर घरी म्हणून बघा.

शिक्षक काय करू शकतात?

वर्ग चौथ्या मजल्यावर असेल तर अख्खी तुकडी खाली आणता येते का पाहा. लिफ्ट वापरायची परवानगी देताना सोबत एका मित्रालाही द्या, नाहीतर रोज पाच मिनिटं ते मूल एकटंच असतं आणि बाकीचे जिन्यात गप्पा मारत असतात. पुस्तकांचा एक संच शाळेत ठेवा. उभं राहायची मुभा असलेल्या मुलाला भिंतीकडेची जागा द्या, मागचं एकटं बाकडं नको. गटकार्यात गट तुम्हीच पाडा. ‘आपापले गट करा’ म्हटलं की गैरहजर राहणारं मूल उरतं. वर्गासमोर त्याच्या आजारावर भाषण देऊ नका.

परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर सहसा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, हिमोफिलिया आणि अस्थिव्यंग आहेत, नुसतं जुनाट दुखणं नाही. त्यामुळे आजाराच्या नावाने अर्ज करावा लागतो आणि तो दहावी-बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेमार्फत करावा. सवलत मिळाल्यावर वर्गात कुजबुज होते, त्यासाठी मुलाला एक वाक्य तयार ठेवायला सांगा.

चिडवणं वाढलंय. लंगडण्याची नक्कल करून व्हिडिओ टाकलाय.

ही थट्टा नाही, छळ आहे. फोर्जेरॉन यांच्याच गटाने २०१० मध्ये आधीचे अभ्यास एकत्र तपासले. त्यात जुनाट दुखणं असलेल्या मुलांना मित्र कमी असणं आणि त्यांना छळ जास्त सोसावा लागणं, हे दोन्ही दिसलं. उलट व्हिडिओ टाकू नका. स्क्रीनशॉट, तारीख, अकाउंटचं नाव जपून ठेवा, मग अ‍ॅपवर तक्रार करा. हा क्रम पाळा, कारण व्हिडिओ उडाला की पुरावाही जातो. वर्गशिक्षकांना लेखी द्या, आठवड्यात काही झालं नाही तर मुख्याध्यापकांना. बघून हसणाऱ्यांपैकी एकाला वेगळं गाठून ‘पुढच्या वेळी हसू नकोस’ एवढं सांगणं बऱ्याचदा शिक्षेपेक्षा उपयोगी पडतं. १८ वर्षांखालील मुलांना १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर मोफत फोन करता येतो.

कधी थांबायचं नाही, लगेच दाखवायचं?

ताप आणि सांध्याला सूज, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेपण, झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं यांसाठी त्याच आठवड्यात. पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, अचानक आलेली आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी यांसाठी त्याच तासात. परळचं वाडिया बाल रुग्णालय, केईएम, शीवचं लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचं नायर इथे बालरोग विभाग आहेत. पहिल्यांदा जाताना जुनी कागदपत्रं तारखेनुसार लावा आणि महिन्याभराची नोंदवही न्या: किती वेळ बसता-चालता आलं, किती झोप झाली, किती गोळ्या घेतल्या आणि किती मित्र भेटले. शेवटचा रकाना डॉक्टर सहसा विचारत नाहीत, तरी दाखवा.

जगावंसं वाटत नाही असं मनात येत असेल किंवा कुणी तसं बोललं असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिवाला तात्काळ धोका असेल तर ११२.